बिलात वेगळे, अंधारात सारखेच: वीज नियामक आयोगाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
वर्ल्ड ट्रेड सेंटर, कफ परेड, मुंबई

महोदय,

मी भूलतज्ज्ञ आहे. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. घाटाखालच्या दोन तालुक्यांत मिळून सात-आठ ठिकाणी ऑपरेशन थिएटर आहे. त्यातली दोन सरकारी, बाकीची नवरा-बायको डॉक्टरांनी चालवलेली, दहा-पंधरा खाटांची. फोन आला की बॅग गाडीत टाकायची आणि निघायचं, असा माझा धंदा. त्यामुळे कुठलं हॉस्पिटल कुठल्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कुठल्या लाईनवर, आहे, त्या फीडरवर कुणाच्या आंब्याची फांदी टेकते, कुठल्या उपकेंद्रातला ऑपरेटर रात्री दोनला फोन उचलतो, हे मला औषधांच्या डोसइतकंच पाठ आहे. पत्र वीज कंपनीला न लिहिता तुम्हाला लिहितोय, कारण कंपनीतल्या माणसांशी माझं भांडण नाही. त्यांना जे लिहून दिलेलं नाही, ते ते करत नाहीत. आणि लिहून द्यायचं काम तुमचं आहे.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. तातडीचं सिझेरियन होतं. कमरेत भूल दिलेली, बाळ बाहेर आलेलं, गर्भाशय शिवायला घेतलेलं. वीज गेल्याचं मला नेहमी आधी कानांनी कळतं. सक्शनची घरघर थांबते, एसीचा आवाज थांबतो, आणि मागे उरतो तो मॉनिटरचा बीप, त्याच्या बॅटरीवर चाललेला. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या बीपचा सूरही उतरतो, म्हणून आमचे कान त्याच्यावर लागलेले असतात. इन्व्हर्टरवर दोन ट्यूबलाइट लागल्या. टेबलावरचा मोठा दिवा, रक्तस्राव थांबवणारी कॉटरी, बाळाचा वॉर्मर यांतलं काहीच इन्व्हर्टरवर नव्हतं. सिस्टरनी पायाने दाबायचं सक्शन टेबलाखालून ओढलं. मावशींनी बाळाला फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं. जनरेटर खाली जिन्यामागे, तो चालू करायची जबाबदारी ड्रायव्हरची. त्याने सेल्फ मारला तर बॅटरी उतरलेली. मग ॲम्ब्युलन्सची बॅटरी काढून लावली. अकरा मिनिटं गेली. मला नेमकं ठाऊक आहे, कारण भुलेच्या कागदावर दर पाच मिनिटांनी बीपी लिहावा लागतो. त्यातल्या दोन नोंदी मोबाईलच्या उजेडातल्या आहेत आणि ते अक्षर आता माझं मलाच लागत नाही.

आई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत. पेढे मिळाले.

टाके घालून झाल्यावर मी उपकेंद्रात फोन लावला. ऑपरेटर ओळखीचा. म्हणाला, "साहेब, वरून तेहतीस केव्हीचीच लाईन गेली होती. आत्ता आलीय. एकदम सगळा लोड नाही घेता येत, एकेक फीडर घेतोय." मी विचारलं, आमचा कधी? "तुमच्यावर गावं जास्त आहेत, जरा थांबा, आधी बाजारपेठेचा घेतला." मी म्हटलं, इथे बाईचं पोट उघडं होतं. तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "तुमचं हॉस्पिटल कुठल्या फीडरवर आहे ते मला माहितेय साहेब. पण आधी कुणाचा घ्यायचा याची यादी माझ्याकडे नाही."

त्या माणसाला मी दोष कसा देऊ? रात्रपाळीला एकटा, बाहेर पाऊस कोसळतोय, समोर पॅनेलवर पाच-सहा ब्रेकर, आणि प्रत्येक फीडरवरून कोणी ना कोणी त्याला शिव्या घालतंय. त्यातला कोणता ब्रेकर आधी ओढायचा हे त्याने अंदाजाने ठरवायचं. यादी नाही, हे त्याचं वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही.

काही दिवसांनी त्याच हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई चहा घेता घेता विजेचं बिल बघत होत्या. बिलावर ग्राहकवर्ग छापलेला होता: लघुदाब सात (ब), सार्वजनिक सेवा, इतर. रस्त्यापलीकडच्या सरकारी रुग्णालयाचं बिल लघुदाब सात (अ) मध्ये येतं. म्हणजे आम्ही दुकान नाही, लॉज नाही, दवाखाना आहोत, हे वीज यंत्रणेला पुरतं ठाऊक आहे. एकेकाळी आम्हाला व्यापारी दर होता. २०१२ च्या दर आदेशात तुम्हीच शाळा-दवाखान्यांना त्यातून काढून वेगळा वर्ग दिलात. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६२ (३) मध्ये दर ठरवताना वीज कशासाठी हवी आहे हे बघायची मुभा आहे, आणि तुम्ही ते बघितलंत. चांगलं केलंत. फक्त ते बघणं बिलापाशी थांबलं. मीटरच्या आत आम्ही दवाखाना आहोत. मीटरच्या बाहेर, तारेवर, पिठाच्या गिरणीशेजारचे एक ग्राहक.

गिरणीवाल्याबद्दल आकस नाही, त्याचंही पोट आहे. पण त्याचं दळण दोन तासांनी झालं तरी चालतं.

तुमच्या २०२१ च्या वीजपुरवठा संहिता आणि कृतीच्या मानकांच्या विनियमांचं पुस्तक मी बसून वाचलं. डॉक्टर माणसाने असली पुस्तकं वाचू नयेत, झोप येते. पण हे वाचताना उडाली. फ्यूज गेली तर किती तासांत, तार तुटली तर किती तासांत, रोहित्र जळलं तर किती तासांत दुरुस्ती करायची, याचे तक्ते त्यात आहेत. तक्त्याचे रकाने वस्तीवरून पाडलेले: शहरांना कमी तास, ग्रामीण भागाला जास्त. अंतरं लांब असतात, तोही एक विचार आहे, मान्य. पण ग्रामीण रकान्यात जी हॉस्पिटलं येतात, तिथून दुसरं थिएटर तीस-चाळीस किलोमीटरवर असतं. शहरात एका हॉस्पिटलची वीज गेली तर पेशंट पुढच्या चौकात नेता येतो. म्हणजे ज्याला थांबणं सगळ्यांत कमी परवडतं, त्यालाच सगळ्यांत जास्त थांबायला सांगितलंय. भरपाई ठरवतानाही गिरणी की प्रसूतिगृह हा प्रश्न कुठे येत नाही.

ही मानकं कलम ५७ खाली येतात. परवानाधारकांशी आणि बाधित होण्याची शक्यता असलेल्या व्यक्तींशी विचारविनिमय करून ती ठरवावीत, असं ते कलम सांगतं. वॉर्मरखालच्या बाळाशी विचारविनिमय करता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी लिहितोय असं समजा.

यावर एक उत्तर येईल, आणि ते मी आधीही ऐकलेलं आहे: वीज सगळ्यांना सारखी द्यायची असते, कुणाला झुकतं माप देता येत नाही. त्याची दोन उत्तरं केंद्र सरकारच्या नियमांतच आहेत. ३१ डिसेंबर २०२० ला ग्राहकांच्या हक्कांचे नियम आले. त्यात सगळ्यांना चोवीस तास वीज देण्याचं बंधन घातलं आणि लगेच पुढे म्हटलं की शेतीसारख्या काही वर्गांसाठी आयोगाला कमी तास ठरवता येतील. आपल्याकडे शेतीपंपांना वर्षानुवर्षं आठ-दहा तासांच्या पाळ्यांत वीज मिळते. माझा चुलतभाऊ अजून रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो. म्हणजे वापर बघून पुरवठ्याचे तास ठरवणं कायद्याला चालतं. खाली ओढायला चालतं, तर वर उचलायला का चालू नये? दुसरं, याच नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीत महानगरं आणि मोठ्या शहरांत अखंड वीज मिळाली पाहिजे असं आलं, कारण तिथले डिझेल जनरेटर हवा खराब करतात. धूर नको म्हणून अखंड वीज, हे पटतं. मग सिझेरियन चालू आहे म्हणून अखंड वीज, हे कुठल्या दुरुस्तीत येणार?

भारनियमनाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. वीजगळती आणि वसुली बघून फीडरचे ए ते जी असे गट पडले. ज्या फीडरवर वीजचोरीचे आकडे जास्त, थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त. एप्रिल २०२२ मध्ये टंचाई आली तेव्हाही जी गटाच्या फीडरवर आधी गदा आली. त्यामागचा हिशेब कळतो. पण हॉस्पिटल काही फीडर निवडून बांधत नाही. नियमित बिल भरणाऱ्या दवाखान्याने शेजारच्या वाडीतल्या आकड्यांची शिक्षा का भोगावी, याचं उत्तर त्या गटवारीत नव्हतं.

आणि आता सरासरीबद्दल. वीज कंपन्यांची विश्वासार्हता मोजायला तुम्ही ग्राहकामागे सरासरी किती वेळा वीज गेली, सरासरी किती मिनिटं गेली, हे आकडे बघता. धोरणासाठी ते ठीक असतील. आमच्याकडे मात्र सरासरी चालत नाही. पेशंटचा दिवसभराचा सरासरी ऑक्सिजन उत्तम होता, फक्त मधली सहा मिनिटं नव्हता, असं मी नातेवाइकांना सांगून बघतो. शिवाय आमचा खरा छळ करतात ते लहान झटके. वीज जाते, वीस सेकंदांत येते, पुन्हा जाते. घरात पंखा हळू होऊन परत फिरायला लागतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं सलग लागतात. मध्ये वीज गेली आणि तापमान उतरलं की पहिल्यापासून सुरुवात. पुढचं ऑपरेशन तासभर पुढे. एका दुपारी तीनदा असं झालं आणि शेवटी सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आता गॅसवर कुकर लावू का?" थट्टेत म्हणाल्या. तशी वेळ आलेली हॉस्पिटलं मी पाहिली आहेत.

लसींचं त्यातल्या त्यात बरं. प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर, म्हणजे लसींचा खास फ्रिज, मुळात अशाच देशांसाठी बनवलेला आहे. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो लसी दोन ते आठ अंशांत धरून ठेवतो. पण ते आठ तास रोज मिळायला हवेत. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा कित्येक गावांना ते आठवडेच्या आठवडे मिळाले नाहीत.

सगळ्यांत वाईट अवस्था घरच्या पेशंटांची. फुप्फुसं गेलेली म्हातारी माणसं हल्ली घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात. कोविडनंतर अशी घरं खेडोपाडी झाली आहेत. पाच लिटरचं ते यंत्र साधारण साडेतीनशे वॅट खातं. घरातला इन्व्हर्टर म्हणजे दीडशे ॲम्पिअर-तासाची बारा व्होल्टची एक बॅटरी. कागदावर अठराशे वॅट-तास, हातात त्याहून बरेच कमी. साडेतीन तास, फार तर चार, तेही बॅटरी नवी असेल आणि पंखा-टीव्ही बंद असेल तर. रात्री अकराला वीज गेली तर पहाटे तीनला मुलगा सिलिंडर शोधत फिरतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक असे आहेत. त्यांच्या सूनबाईंनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय: लाईट गेली की वेळ लिहिणे. खाली वेळांची ओळच्या ओळ. वीज कंपनीच्या लेखी मात्र ते एक घरगुती ग्राहक, आणि बिल थकलं तर कलम ५६ खाली पंधरा दिवसांच्या नोटिशीने तोडता येईल असं एक मीटर. त्या कलमात पेशंटचा उल्लेख नाही. ऑस्ट्रेलियात अशा घराची जीवरक्षक यंत्राचं घर म्हणून नोंद झाली की थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. ब्रिटनमध्ये प्राधान्य ग्राहकांची नोंदवही असते, तिच्यात नाव घालायला पैसे पडत नाहीत आणि वीज बंद ठेवायची असेल तर आधी कळवलं जातं. सांगायचा मुद्दा एवढाच की हे काम नोंदवही आणि पेनाने होतं.

"जनरेटर ठेवा की." हे मी मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याकडून ऐकलंय, गावच्या सरपंचाकडून ऐकलंय आणि माझ्या सासऱ्यांकडूनही. ठेवतो. ठेवलेच आहेत. लहान जनरेटरसुद्धा तासाला दोन-अडीच लिटर डिझेल पितो, आणि ते डिझेल शेवटी पेशंटच्याच बिलात चढतं. पण जनरेटर हा अर्ध्या-एक तासाचा सोबती आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली. ज्या मुंबईला उरलेल्या जाळ्यापासून वेगळं काढून जिवंत ठेवायची व्यवस्था १९८० च्या दशकापासून आहे, तिथली लोकल बंद पडली, आणि महापालिकेला रुग्णालयांना आठ तास पुरेल इतकं डिझेल ठेवा म्हणून सांगावं लागलं. तेव्हा आयोगाने स्वतःहून दखल घेतली होती, हे मी मुद्दाम आठवून देतो. चेन्नईत डिसेंबर २०१५ च्या पुरात एका मोठ्या खासगी रुग्णालयातले जनरेटरच पाण्याखाली गेले. जिन्यामागचा आमचा जनरेटरही नदीपासून फार लांब नाही.

तरी माझ्या डोक्यात घर करून बसलेली गोष्ट दूरची आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाला इर्मा वादळाचा तडाखा बसला. तिथे हॉलिवूड नावाच्या गावात म्हाताऱ्यांचं एक शुश्रूषागृह होतं. गंमत म्हणजे त्या इमारतीत वीज होती. दिवे होते, पंखे होते. फक्त वातानुकूलनाला वीज देणारं रोहित्र बंद पडलं होतं. वीज कंपनीला पुन्हा पुन्हा फोन झाले. दिवस उलटत गेले, आत उष्मा वाढत गेला, आणि बारा म्हातारी माणसं त्यात गेली. रस्त्याच्या पलीकडे मोठं हॉस्पिटल होतं, थंडगार, वीज चालू. हॉस्पिटल वीज कंपनीच्या पहिल्या यादीत होतं आणि शुश्रूषागृह नव्हतं. दोन इमारतींमध्ये रस्त्याची रुंदी आणि एका यादीतली एक ओळ. त्या शुश्रूषागृहातल्या लोकांच्याही चुका होत्या, पलीकडचा दरवाजा त्यांना दिसत होता. पुढच्या वर्षी राज्याने कायदा करून अशा ठिकाणी चार दिवस थंडावा राखू शकेल अशी पर्यायी वीज सक्तीची केली. बारा माणसं गेल्यावर.

आपल्याकडेही यादी करता येते, हे आपण करून दाखवलेलं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा कोविड ऐन भरात होता. कोविड रुग्णालयं आणि ऑक्सिजनचे प्रकल्प यांची वीज आधी आणायची, हे वरपासून खालपर्यंत प्रत्येकाला माहीत होतं आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वायरमनांनी कोकणात रात्रंदिवस खांब उभे केले. साथ ओसरली आणि तो प्राधान्यक्रमही ओसरला, कारण तो कुठल्याही विनियमात लिहिलेला नव्हता.

तेव्हा मागणी साधी आहे. ती यादी लिहा. कलम ८६ (१) (आय) खाली पुरवठ्याचा दर्जा, सातत्य आणि विश्वासार्हता यांची मानकं घालून देणं हे तुमच्या कामांतच आहे. प्रत्येक उपविभागाने दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, आपल्या हद्दीतली ठिकाणं लिहून काढावीत: जिथे ऑपरेशन थिएटर, प्रसूतिकक्ष, नवजात शिशू कक्ष, अतिदक्षता, डायलिसिस, रक्तसाठा किंवा लसींचा साठा आहे ती, आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर घरी यंत्रावर असलेले पेशंट. प्रत्येकासमोर फीडर आणि डीपीचा, म्हणजे रोहित्राचा, क्रमांक. कागद उपकेंद्राच्या भिंतीवर, ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर. अंधारातून बाहेर येताना फीडर घ्यायचा क्रम त्यावरून ठरावा. दोन उपकेंद्रांच्या मध्ये असलेलं थिएटर असेल तर त्याला दुसरीकडूनही वीज घेता येईल अशी जोडणी हळूहळू करत न्यावी. सगळीकडे एका वर्षात होणार नाही, ते कळतं. दुरुस्तीच्या तक्त्यात दवाखान्यांसाठी वेगळा रकाना यावा आणि तिथे गाव-शहर भेद नसावा. थकबाकीसाठी यादीतलं कनेक्शन तोडण्याआधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक असावं. प्राथमिक आरोग्य केंद्राचं अनुदान वेळेवर आलं नाही, हा गरोदर बाईचा गुन्हा नाही. कलम ५९ प्रमाणे कंपन्यांच्या कामगिरीची माहिती तुम्ही दरवर्षी प्रसिद्ध करताच. तिच्यात यादीतल्या ठिकाणांची वीज किती वेळा आणि किती वेळ गेली, हे सरासरी न काढता छापा.

ठरवून केलेल्या शटडाऊनचा मेसेज येतो, हे खरं आहे. तो कोणाला येतो ते बघा. एका हॉस्पिटलचा मेसेज जागेच्या मूळ मालकाला जातो, ते पुण्याला मुलाकडे असतात. दुसऱ्याचा डॉक्टरांच्या वडिलांच्या नंबरवर जायचा, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. यादीतल्या ठिकाणी लँडलाइनवर फोन करून सांगायला माणसाला दोन मिनिटं लागतात. सकाळी दहाला बंद, आणि काम संपल्यावर, झालं बरं का, चालू करतोय.

सगळेच स्वतःला अत्यावश्यक म्हणवून घेतील, ही भीती खरी आहे. त्वचारोगाचा दवाखाना यादीत नको, डोळ्यांचा चश्मे काढणारा नको, माझं घर तर नकोच. निकष खाट नसून यंत्र असावं. वीज गेल्यावर अर्ध्या तासात माणूस दगावू शकतो का, एवढंच विचारा.

आणि आमच्या बाजूची घाणही तुमच्यासमोर ठेवतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. जनरेटरची बॅटरी उतरलेली होती, ती वीज कंपनीची नव्हती. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं जनरेटर चालवून बघायचा, हे निम्म्या ठिकाणी होत नाही. एका हॉस्पिटलात जनरेटरवर वरच्या मजल्यावरच्या बेडरूमचा एसी आहे आणि बाळाचा वॉर्मर नाही. सरकारी केंद्रांवर छपरावर सौर पॅनेल चमकतात, खाली बॅटऱ्या मेलेल्या. बदलायचा निधी कोणत्या शीर्षाखाली मागायचा हे कुणाला ठाऊक नाही. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे धड चेंजओव्हर स्विच, म्हणजे जनरेटर आणि बाहेरची लाईन एकमेकांपासून तोडणारा स्विच, न बसवता जोडलेले जनरेटर. त्यांची वीज उलटी लाईनवर जाते. खांबावर लाईन बंद समजून चढलेल्या वायरमनला ती मारू शकते. यादीत नाव हवं असेल तर आधी चेंजओव्हर दाखवा, बॅटरी दाखवा, अशी अट घाला. विद्युत निरीक्षकांना आमच्याकडे पाठवा. आम्ही कुरकुर करू, तिकडे लक्ष देऊ नका.

वायरमनचं नाव निघालं म्हणून थांबतो. मी भाजलेले वायरमन पाहिले आहेत, त्यांना भूल दिली आहे. तळवे जळालेले असतात, जिथून वीज आत शिरली तिथे, आणि बाहेर पडली तिथे पायाला भोक. म्हणून प्राधान्य म्हणताना मला घाई अपेक्षित नाही. भर पावसात, लाईन बंद केल्याचं परमिट न घेता, हॉस्पिटलवाल्यांचा फोन आलाय म्हणून कुणी खांबावर चढू नये. लाईन सुरक्षित झाल्यावर जो क्रम लावायचा, त्यात आमचा नंबर कुठे, एवढंच मला हवं आहे. उलट यादी असेल तर दहा जणांचे फोन कमी होतील आणि ऑपरेटरला शिव्याही कमी बसतील.

यासाठी लेखी याचिका करावी लागेल, वकील लावावा लागेल, शुल्क भरावं लागेल, असं मला सांगण्यात आलं. गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत, तेही माहीत आहे. पण तिथे एका ग्राहकाची एक तक्रार चालते, आणि माझी तक्रार जो रकाना छापलाच नाही त्याची आहे. १२ ऑक्टोबर २०२० सारखी याचीही स्वतःहून दखल घ्यावी, ही विनंती. आमच्यापैकी कोणी सुनावणीला हवं असेल तर मी येईन. मंगळवारची तारीख दिलीत तर बरं. मंगळवारी आमच्याकडे दुरुस्तीचा शटडाऊन असतो, त्यामुळे ठरवलेली ऑपरेशन्स कुणी ठेवत नाही आणि मी मोकळा असतो. अर्थात त्या दिवशी कुणाला अवेळी कळा आल्या तर मात्र तारीख बदलून मागेन.

आपला,
एक भूलतज्ज्ञ